‘रन’ म्हणजे नुसती धाव नव्हे

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या रविवारच्या पुरवणीतील शब्दकोड्याखाली एक प्रश्न होता : इंग्रजीत सर्वांत जास्त अर्थ असलेला शब्द कोणता? पुढच्या रविवारी उत्तर छापून आलं, ‘सेट’. उत्तर चूक नाही, पण शिळं आहे. ऑक्सफर्ड इंग्लिश डिक्शनरीची दुसरी आवृत्ती 1989 साली निघाली, तेव्हा ‘सेट’ या क्रियापदाचे चारशे तीसच्या वर अर्थ देऊन तो शब्द पहिला होता. तिसऱ्या आवृत्तीचं काम सुरू झाल्यावर मात्र ‘रन’ने त्याला मागे टाकलं. एकट्या क्रियापदाचे 645 अर्थ. ते वेगळे काढून लावायला पीटर गिलिव्हर या कोशकाराला नऊ महिने लागले म्हणतात. आपण पावती पुस्तकाचा हिशेब लावताना वैतागतो!

या शब्दाशी माझी खरी ओळख कोशातून झाली नाही. नव्वदच्या दशकात मी एका नागरी सहकारी बँकेच्या तालुक्याच्या शाखेत कॅशियर होतो. एका सोमवारी सकाळी शटर वर करण्याआधीच बाहेर दीडदोनशे माणूस. मॅनेजरसाहेब माझ्या पिंजऱ्यापाशी येऊन हळूच म्हणाले, “आज रन आहे.” मला वाटलं, मॅच आहे. म्हटलं, “कुणाची?” ते म्हणाले, “आपली.”

शेजारच्या गावातली एक बँक बुडाली, आता आमची पाळी, अशी कुणीतरी आदल्या रात्री आवई उठवली होती. घाबरून सगळे ठेवीदार एकदम पैसे काढायला येतात, त्याला इंग्रजीत बँकेवरचा ‘रन’ म्हणतात, हे मला तेव्हा कळलं. अकरा वाजेपर्यंत पितळी टोकनं संपली, मग कागदाच्या चिठ्ठ्यांवर नंबर लिहून दिले. मुख्य कार्यालयातून कॅश आली ती साहेबांनी तिजोरीत नेऊ दिली नाही. काउंटरमागच्या टेबलावर, रांगेतून दिसेल अशी, दहादहाच्या नोटांची बंडलं रचून ठेवायला लावली. दहाच्याच का, तर ढीग मोठा दिसतो. मला एवढंच सांगितलं, “नोटा मोजताना हात कापला नाही पाहिजे.”

दुपारी एका म्हातारीने चार हजार काढले. तिथेच खाली बसून दोनदा मोजले आणि परत खिडकीशी आली. “हाईत न्हवं पैसं? मग ऱ्हाऊ द्या तुमच्याकडंच. घरात कुठं ठिवू?” तिची भरणा स्लिप मीच लिहून दिली. चारनंतर रांग पातळ झाली. आवई खोटीच होती, पण खोट्या आवईने चांगली बँकसुद्धा बसू शकते, हे त्या दिवशी कळलं. कारण ठेवीचा पैसा कर्जाऊ दिलेला असतो, सगळा एकदम मागितला तर कुठलीच बँक देऊ शकत नाही.

म्हणून मार्च 2023 मध्ये अमेरिकेतली सिलिकॉन व्हॅली बँक कोसळली तेव्हा एका मराठी बातमीत ‘बँक रन’चं भाषांतर ‘बँकेची धाव’ असं वाचून मला राहवलं नाही. एका दिवसात 42 अब्ज डॉलर काढून घेण्याची मागणी झाली, दुसऱ्या दिवशी बँकेला टाळं. यात बँक कुठे धावली? धावले ते ठेवीदार, तेही बहुतेक मोबाइलवरून, जागचे न हलता. ‘ठेवी काढायला झुंबड’ म्हटलं असतं तर आमच्या त्या म्हातारीलाही समजलं असतं.

गंमत अशी की इंग्रज जिथे धावतो तिथे मराठी माणूस बहुधा चालतो. त्याचं दुकान धावतं, आपलं चालतं. गिरणी चालते, खटला चालतो, नाटक चालतं, संगणकावरचा प्रोग्रामसुद्धा चालतो. नाक मात्र वाहतं आणि कच्च्या साडीचा रंग जातो. अमेरिकेतला उमेदवार निवडणुकीसाठी धावतो, ब्रिटनमधला उभा राहतो. आपला तर उभाच राहतो, पुढची पाच वर्षं बसायला. आगगाडीला तेवढी आपण धावू देतो : 16 एप्रिल 1853 ला बोरीबंदर ते ठाणे ती ‘धावली’, असंच आपण लिहितो. आणि क्रिकेटमध्ये फलंदाजाने चौकार मारला की कुणी पाऊल उचलत नाही, तरी फळ्यावर चार धावा! (आमच्या मैदानावर ‘रन काढला’ की ‘रन काढली’ यावरून भांडणं व्हायची, तो वाद अजून मिटलेला नाही.)

करोनाच्या लशीच्या वेळी, जानेवारी 2021 मध्ये, ‘ड्राय रन’ला बऱ्याच वृत्तपत्रांनी ‘रंगीत तालीम’ म्हटलं. नाटकवाल्यांचा शब्द इतका चपखल बसला की तिथे ‘कोरडी धाव’ कुणाला सुचली नाही, हे नशीब. भाषांतर करणाऱ्याने कोश बंद करून अशी एकदा आजूबाजूला नजर टाकली तर शब्द सापडतो.

तेव्हा दोन विनंत्या. बातम्यांमधली ‘बँकेची धाव’ थांबवावी. आणि कोड्याचं उत्तर ‘रन’ असं पाठवणाऱ्यांचेही गुण धरावेत. त्यांत माझी नात आहे, हे लपवत नाही.

आपला नियमित वाचक,
एक निवृत्त कॅशियर, सांगली