मिसळीच्या गावात टाको खाल्ला तर काय बिघडलं?

मा. संपादक साहेब,
स.न.वि.वि.

गेल्या आठवड्यात तुमच्या पानावर एका काकांचं पत्र आलं होतं, की मिसळीच्या नाशकात आता पोरांना मेक्सिकन-बिक्सिकन लागतं, सगळी पैसे उडवायची फॅडं. पत्र दोनदा वाचलं आणि दोन्ही वेळेला मला पाथर्डी फाट्याकडची गिरणीला लागून असलेली ती छोटी मेक्सिकन खानावळच आठवत राहिली, म्हणून हे लिहायला बसले. एरवी मी तुमच्या पेपरात फक्त शब्दकोडं सोडवते.

तिथं बारा माणसं कशीबशी बसतात, एसी नाही, पाटीवर खडूने मेनू. चालवणारा मुलगा आधी जहाजावर किचनमधे होता, बायको गल्ल्यावर. १२० रुपयात घोटलेला राजमा, भात, साल्सा (टोमॅटो-मिरचीची चटणी) आणि तव्यावरचे तीन टॉर्टिया, म्हणजे मक्याच्या पातळ पोळ्या, वर राजमा परत मागितला तर तोंड वाकडं न करता वाढतात. तो म्हणाला मेक्सिकोत पण दुपारी लोक असंच जेवतात, 'फोंदा' म्हणून घरगुती खानावळी असतात, ठरलेल्या रेटमधे आधी सूप मग भात मग भाजी नाहीतर मटण-चिकन असं एकामागून एक येतं. म्हणजे आपली राईस प्लेटच की हो!

आणि टॉर्टियाचं मला खरंच नवल वाटलं. मक्याचं कोरडं पीठ मळून नाही करत, तर आख्खा मका चुन्याच्या पाण्यात उकळायचा (आपला पानाला लावायचा तोच चुना), रात्रभर तसाच ठेवायचा, सकाळी चोळून सालं काढायची आणि मग ओलाच वाटायचा. तिकडं पूर्वी दगडी पाट्यावर वाटायचे, हा इडलीच्या ग्राइंडरमधे वाटतो कारण शेजारचा गिरणीवाला ओलं दळून देत नाही. चुन्यामुळे पीठ धरून राहतं आणि मक्यातलं पोषणही अंगी लागतं, आणि हे तिकडच्या बायका हजारो वर्षं करतायत. मका येवल्याकडचा. आपल्या जिल्ह्यात एवढा मका पिकतो आणि बराचसा कोंबड्यांच्या खाद्यात जातो, आपण फक्त पावसाळ्यात गंगापूर धरणावर कणसं खातो.

सासूबाईंना एकदा नेलं. अठ्ठ्याहत्तर वय, दात नाहीत, जायलाच तयार नव्हत्या. त्यांच्यासाठी 'चिलाकिलेस' मागवलं, म्हणजे आदल्या दिवशीच्या टॉर्टियाचे तुकडे तळून आंबटतिखट साल्सात मऊ केलेले. दोन घास खाल्ले आणि मोठ्याने म्हणाल्या, अगं ही तर फोडणीची पोळी! सगळं हॉटेल हसलं. आता दर महिन्याला त्याच विचारतात, कधी जायचं.

काकांना एवढंच सांगायचंय की मिसळीवरचा लाल कट ज्या मिरचीचा होतो ती मिरचीच मुळात मेक्सिकोकडची आहे, पोर्तुगीज घेऊन आले, त्याआधी आपण मिरी आणि पिंपळीवर तिखटाची हौस भागवायचो. पिंपळगावच्या मार्केटात ज्याचे ढीग लागतात तो टोमॅटो तिकडून आला, राजमा पण तिकडचाच. पाहुणे आपण कधीच घरात घेतलेत.

तक्रार असेल तर ती आपल्या गिऱ्हाइकांची आहे. लोक येतात आणि विचारतात चीज कुठंय, मेयो नाही का, शेजवान टाकून द्या. कॉलेज रोडवर साडेतीनशे रुपयाला ते पिवळं पातळ चीज ओतलेले नाचोज खाऊन सगळ्यांना वाटतं तेच मेक्सिकन, आणि ते कडक शेलचे टाको तर अमेरिकेतून जगभर पसरले, मेक्सिकोत टाको, म्हणजे सारण घालून दुमडलेला टॉर्टिया, बहुतेक मऊच असतो. त्या मुलाने शेवटी वैतागून पाटीवर लिहिलंय, मेयो मिळणार नाही. मला आवडलं. राजमा मात्र तो शेंगदाणा तेलात करतो, तिकडे डुकराची चरबी घालतात, ते इथं सिडकोत कसं चालणार, आणि अॅव्होकॅडो परवडत नाही म्हणून त्याची चटणी, ग्वाकामोले, ठेवतच नाही. भात कधीकधी गिचका होतो हेही सांगते, नाहीतर म्हणाल नातेवाईक असेल.

काकांनी एकदा यावं, बिल मी देईन. फक्त रविवारी नको, साडेआठलाच पीठ संपतं.

आपली एक जुनी वाचक,
सिडको, नाशिक