केबल आणि वायफाय एकत्र चालू ठेवताना

मा. संपादक, सप्रेम नमस्कार.

घरोघरी फायबरची जोडणी आल्यापासून संगणकाला राउटरची केबल लावून वायफायही चालू ठेवले की इंटरनेटचा वेग दुप्पट होतो, असा समज पसरला आहे. आमच्याकडे आलेल्या तंत्रज्ञानेही तेच छातीठोकपणे सांगितले. हे खरे नाही. दोन्ही वाटा एकाच राउटरकडे जात असल्याने बाहेरचा वेग योजनेत असेल तेवढाच राहतो. शिवाय विंडोज प्रत्येक जोडणीला ‘मेट्रिक’ नावाचा आकडा देते आणि ज्या वाटेचा आकडा कमी, तिलाच पसंती देते. साधारणपणे तो मान केबलला मिळतो.

दोन्ही चालू ठेवण्याचा खरा उपयोग वेगळा आहे. केबल निखळली, तर संगणक आपोआप वायफायवर जातो. मात्र हा बदल तो इतक्या निमूटपणे करतो की घरच्यांना पत्ताही लागत नाही. आमच्या केबलच्या टोकावरची प्लास्टिकची बारीक खिट्टी मोडली होती. टेबल पुसताना जरा धक्का लागला तरी केबल सैल होई, पोर्टजवळचा, म्हणजे केबल खोचायच्या जागेजवळचा हिरवा दिवा विझे आणि दूरच्या खोलीत वायफाय क्षीण असल्याने मुलीचा ऑनलाइन वर्ग अडखळे. महिनाभर आम्ही दोष मात्र इंटरनेट सेवेला देत राहिलो. शेवटी ‘कॅट ५ई’ प्रकारची नवी केबल आणली. ही साधी केबल १०० मीटरपर्यंत सेकंदाला १ गिगाबिट वेग पेलते.

संगणक या क्षणी कोणत्या वाटेने जोडलेला आहे, हे कुठे पाहायचे, एवढे तरी जोडणी करून देणाऱ्यांनी प्रत्येक ग्राहकाला दाखवून द्यावे, ही कळकळीची विनंती.

आपली,
एक वाचक, नाशिक