येळ्ळूरच्या बासमतीचं बियाणं गावातच राहावं म्हणून

गावकऱ्यांनो, माहेरवाशिणींनो, आणि नोकरी-धंद्यासाठी पुण्या-मुंबईला, गोव्याला गेलेल्या सर्व येळ्ळूरकरांनो, सप्रेम नमस्कार.

बेळगावच्या दक्षिणेला राजहंसगडाच्या पायथ्याशी पसरलेलं आपलं शिवार भाताचं. आपण कर्नाटकात, बोलतो मराठी, आणि पै-पाहुण्यांकडे जाताना पिशवीत नेतो तो बासमती. उत्तरेकडच्या लांब दाण्याच्या बासमतीशी त्याचं नातं फक्त नावापुरतं. आपला दाणा वेगळा, वास वेगळा. भात फुलोऱ्यात असताना सकाळी बांधावरून गेलं, की कुठल्या वावरात बासमती आहे ते न बघता कळायचं. आता तसा वास येणारी वावरं शोधावी लागतात.

हे असं का झालं, ते आपल्याला ठाऊक आहे. बासमतीचं ताट उंच. परतीचा पाऊस झाला की ते आडवं होतं, लोंबी चिखलात जाते. उतारा इंद्रायणीपेक्षा कमी, पीक उशिरा हाती येतं, आणि बाजारात भलताच तांदूळ याच नावाने विकला जातो, त्यामुळे खऱ्याला दर मिळत नाही. पण आमच्या मते सगळ्यात मोठा घाव दुबार पेरणीचा आहे. रोहिणीत धूळवाफ पेरणी, म्हणजे पावसाआधी कोरड्या मातीत पेरणी करायची, उगवण चांगली व्हायची आणि मग बळ्ळारी नाल्याचं पाणी शिवारात शिरायचं. गाळ आणि जलपर्णीने नाला तुंबलेला, त्यामुळे पाणी कित्येक दिवस हटत नाही. कोंब कुजतात. घरचं राखलेलं बियाणं पहिल्याच पेरणीत संपलेलं असतं, मग दुसऱ्या पेरणीला दुकानातली पिशवी आणावी लागते. ज्या घरात असं सलग दोन वर्षं झालं, तिथून बासमती गेला तो परत आला नाही.

गेल्या सुगीत आम्ही काही जणांनी घरोघरी फिरून चौकशी केली. एका आजींनी माळ्यावरची शेणाने सारवलेली कणगी दाखवली. राख आणि कडुलिंबाचा पाला घालून ठेवलेलं भात. त्यांनी ओंजळभर काढून सुपात पसरलं आणि बोटाने एकेक दाणा बाजूला सारत म्हणाल्या, "हे आमचं न्हवं, मशिनीतनं आलंय." खरंच होतं. मळणी यंत्र एका खळ्यावरून दुसऱ्या खळ्यावर जाताना आधीचे दाणे पोटात घेऊन जातं, आणि दोन-चार वर्षांत बियाण्याची भेळ होते.

म्हणून गावाचं स्वतःचं बियाणं घर करायचं ठरवलं आहे. एक कोरडी खोली, पत्र्याच्या कोठ्या, ओलावा मोजायचं यंत्र आणि फक्त बासमतीसाठी पायाने चालवायचं मळणी यंत्र. बियाण्यातला ओलावा बारा-तेरा टक्क्यांवर ठेवला तर ते पुढच्या हंगामापर्यंत नीट टिकतं. दुबार पेरणीची वेळ आलेल्या शेतकऱ्याला इथून बियाणं मिळेल. सुगी झाल्यावर त्याने घेतलं त्याच्या सव्वापट परत घालायचं. पैशाचा व्यवहार नाही.

यासाठी आम्हाला पहिल्यांदा हवं आहे ते जुनं बियाणं. शेरभर असलं तरी चालेल. पेरायला एकरी पंचवीस-तीस किलो लागतं, तेव्हा मूठ-मूठ जमल्याशिवाय एक एकरही होणार नाही. दुसरं, नाल्यापासून दूर, उंचावरचा एखादा तुकडा कुणी हंगामापुरता द्यावा. तिसरं, माणसं. भात फुलताना आणि पिकताना, असं दोनदा वावरात उतरून वेगळी ताटं उपटावी लागतात. हे काम जाणत्या नजरेचं आहे, त्यामुळे वडीलधाऱ्यांनी बांधावर नुसतं उभं राहून दाखवलं तरी पोरं उपटतील.

बाहेरगावी असलेल्यांकडे आम्ही हक्काने पैसे मागतो. जमेल तेवढे द्या. शंभर रुपयेसुद्धा वहीत लिहिले जातील आणि जमा-खर्च दर महिन्याला चांगळेश्वरी मंदिराजवळच्या फळ्यावर लागेल. त्याहून मोठी मदत म्हणजे वर्षाचा तांदूळ आतापासून सांगून ठेवा. विकला जाईल याची खात्री असली, तर शेतकरी अर्धा एकर बासमतीला द्यायला कचरत नाही, हे आम्ही स्वतःवरून सांगतो. भात निघाल्यावर त्याच ओलीवर येणारी मसूरही सोबत पाठवू.

बियाणं अक्षय तृतीयेपर्यंत पोचवा, म्हणजे रोहिणीच्या आधी उगवण तपासता येईल. प्लास्टिकच्या पिशवीत बांधू नका, कापडात आणा, आणि सोबत चिठ्ठीवर आपलं नाव, वावराचं नाव व किती वर्षं घरात आहे ते लिहा. जुन्या लोंब्या कुठे तुळईला टांगलेल्या असतील तर त्याही आणा, ओळख पटवायला त्यांचा फार उपयोग होईल.

आपले,
येळ्ळूरचे भातउत्पादक शेतकरी