गव्हर्नरला राज्यपाल म्हणू नका हो

संपादक साहेब, नमस्कार.

परवा आपल्या पेपरात अमेरिकेतल्या कुठल्याशा राज्याच्या "राज्यपालांनी" विधेयक फेटाळल्याची बातमी होती, ती वाचून आमच्या शेजाऱ्यांनी मला जिन्यातच गाठलं, काय हो, तिकडचे राज्यपालपण असेच अडवून धरतात का? आता काय सांगणार! तिकडचा गव्हर्नर कोणी नेमलेला नसतो, लोक थेट मतं देऊन निवडतात आणि राज्याचा गाडा तोच हाकतो, म्हणजे आपल्या हिशोबाने मुख्यमंत्रीच की.

मायकेल डुकाकिसचंच घ्या. मुलीकडे बॉस्टनला होतो तेव्हा ब्रुकलाइनहून ग्रीन लाइनची ट्राम पकडायचो (बसायला जागा मिळायची, ठाणेकराला तेवढ्यानेच भरून येतं), तर हा बाबा गव्हर्नर असताना त्याच ट्रामने ऑफिसला जायचा! आईबाप मूळचे ग्रीक, बाहेरून अमेरिकेत आलेले, हा १९७५ ला मॅसॅच्युसेट्सचा गव्हर्नर झाला. फेब्रुवारी १९७८ मधे बॉस्टनला २७ इंच बर्फ पडला, हायवेवर गाड्या गाडल्या गेल्या, तेव्हा हा कोट सोडून स्वेटर घालून टीव्हीवर यायचा आणि लोकांना काय चालू काय बंद ते सांगत बसायचा. २६ जुलैला मी घाटकोपरहून ठाण्यापर्यंत पाण्यातून चालत आलोय, तेव्हा असं सांगणारं कोणी असलं की किती धीर येतो ते मला विचारा.

पण सप्टेंबरात त्याच्याच पक्षातल्या एडवर्ड किंगने त्याला उमेदवारीच्या निवडणुकीत पाडलं, कारण नवा टॅक्स लावणार नाही असं छातीठोक सांगून आला होता आणि लावला. लोक स्वेटर विसरले, टॅक्स नाही विसरले. मग १९८२ ला किंगलाच हरवून परत आला तो १९९१ पर्यंत, एकूण १२ वर्षं. मधे १९८८ ला राष्ट्राध्यक्षपदाला उभा राहिला, हेल्मेट घालून रणगाड्यात फिरला, त्याचं हसं झालं आणि थोरल्या बुशसमोर आपटला.

आता मला सांगा, टॅक्स वाढवला म्हणून आपल्याकडे राज्यपालाला कोण पाडणार? इंग्रजांच्या काळात मुंबईचा गव्हर्नर वरून नेमून यायचा, ते भाषांतर तेव्हापासून चिकटलंय बहुतेक. सरळ "गव्हर्नर" छापा, कळतं सगळ्यांना. आमच्या शेजाऱ्यांना मी सांगितलंय, पण ते म्हणतात पेपरात छापून आलं तरच खरं.

– एक वाचक, नौपाडा, ठाणे