कुशल कामगार हवा, मग हजेरीपटावर ‘हेल्पर’ कशाला?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

‘कुशल कामगार मिळत नाहीत’ हे उद्योजकांचे गाऱ्हाणे आपल्या दैनिकात वाचले आणि राहवले नाही. मी जोडारी, म्हणजे फिटर. आयटीआयची दोन वर्षे आणि त्यानंतरची शिकाऊ उमेदवारी एवढ्या शिदोरीवर बत्तीस वर्षे टूलरूममध्ये, म्हणजे कारखान्याची हत्यारे-साचे बनवणाऱ्या विभागात काढली. मुलांची शिक्षणे, घर, सगळे त्या प्रमाणपत्रावर झाले.

निवृत्तीआधी काही वर्षे नव्या मुलांची ट्रेड टेस्ट घ्यायचे काम माझ्याकडे होते. परीक्षा साधीच. एमएस फ्लॅटचा, म्हणजे पोलादी पट्टीचा तुकडा, दोन कानशी, काटकोन तपासायला एक गुण्या. दोन कडा काटकोनात आणायच्या. गुण्या लावून तुकडा उजेडाकडे धरला की कडेला प्रकाशाची बारीक रेघ दिसते. ती दिसेनाशी होईपर्यंत घासत राहायचे. ज्याने आयटीआयत मनापासून घासले आहे, त्याचे व्हाइससमोर, म्हणजे तुकडा धरणाऱ्या पकडीसमोर उभे राहणेच वेगळे असते. कानस पुढे जाताना दाब, मागे येताना हात हलका. कागद बघायच्या आधीच माणूस कळतो.

एकदा इगतपुरीकडचा एक मुलगा आला. माप दिले होते 40 मिलिमीटर. त्याचा तुकडा व्हर्नियरवर, म्हणजे बारीक माप घ्यायच्या साधनावर 40.04 भरला, तोही हाताने घासून! मी फॉर्मवर ‘घ्यावा’ असा शेरा मारला. महिन्याभराने तो मला गोदामात खोकी उचलताना दिसला. कंत्राटदाराच्या हजेरीपटावर नाव चढले होते ‘हेल्पर’ म्हणून आणि पगार अकुशल कामगाराचा. त्याच्या शेजारी खोकी उचलणारा मुलगा दहावीनंतर घरीच बसलेला. दोघांना दर एकच. मी ऑफिसात जाऊन विचारले. ‘फिटर म्हणून दाखवला तर कुशलचा दर द्यावा लागेल,’ असे सरळ उत्तर मिळाले. सहा महिन्यांत त्याने काम सोडले. जाताना म्हणाला, “सर, दोन वर्षं घासण्यात गेली ती फुकटच ना?” मला काही बोलता आले नाही. आजही ते मनातून जात नाही.

किमान वेतनाच्या सरकारी अधिसूचनेत कुशल, अर्धकुशल, अकुशल असे वेगळे दर असतात ते कशासाठी? महावितरणच्या विद्युत सहायक भरतीला वीजतंत्री किंवा तारतंत्रीचे प्रमाणपत्र लागते. रेल्वेत असिस्टंट लोको पायलट व्हायचे तर नुसती दहावी चालत नाही, सोबत आयटीआय किंवा डिप्लोमा लागतो. तिथे त्या कागदाला किंमत आहे, म्हणून मुले वर्षानुवर्षे भरतीच्या जाहिराती बघत बसतात. कारखान्याने तेवढीच किंमत दिली असती, तर ती फाटकावर रांग लावून उभी राहिली असती.

मालकांची बाजू मला ठाऊक नाही असे नाही. ऐंशी टक्के गुण असलेल्या मुलाला व्हर्नियर वाचता येत नाही, हेही मी पाहिले आहे. पर्यायांवर खुणा करून थिअरीचा पेपर सुटतो, हाताला वळण त्याने लागत नाही. काही संस्थांत लेथ जुने, निदेशकाची जागा रिकामी. हा दोष मोठा आहे. पण तो ओळखायला अर्ध्या दिवसाची ट्रेड टेस्ट पुरते. तेवढेही कष्ट न घेता सगळ्यांना एकाच हजेरीपटावर ढकलायचे, हे मला पटत नाही.

शिकाऊ उमेदवारीचेही तेच. 1961च्या कायद्यानुसार तीस किंवा अधिक माणसे असलेल्या आस्थापनेला अडीच ते पंधरा टक्के शिकाऊ उमेदवार घ्यावेच लागतात. पण मी असे शिकाऊ पाहिलेत, जे वर्षभर एकाच मशीनवर एकच भोक पाडत होते. वर्ष संपले की ते घरी, दुसरी तुकडी आत.

माझे मागणे दोनच. कंत्राटी असो वा कायम, प्रत्येकाच्या पगारचिठ्ठीवर त्याचा ट्रेड आणि श्रेणी लिहिलेली असावी. कामगार खात्याच्या अधिकाऱ्यांनी तपासणीत ती प्रमाणपत्राशी ताडून पाहावी. आणि आयटीआयच्या प्रात्यक्षिक परीक्षेला कारखान्यातला अनुभवी फोरमन बसवावा. सातपूर-अंबडमध्ये माझ्यासारखे निवृत्त झालेले पुष्कळ आहेत. आम्हाला मानधन नको, बोलावले तर शनिवारी येऊ. कानस आणि गुण्या माझा मी घेऊन येईन.

आपला नम्र,
एक निवृत्त टूलरूम फोरमन, सातपूर, नाशिक