बार्लीतलं हिरवं कडं

चि. बाळीस अनेक आशीर्वाद,

मैत्रिणीच्या ड्रोनवरचा, बार्लीच्या शेतात हिरवं कडं दिसतंय तो फोटो पाठवलास आणि खाली लिहिलंस, आण्णा इथं खत जास्त पडलंय का. मलाही आधी तसंच वाटलं बघ. पण खताचा पट्टा असा गोल फिरून, मधे दाराएवढी जागा सोडून परत चालू होत नाही. शेत तिकडं इंग्लंडात सॉल्सबरीजवळचं म्हणालीस म्हणून दोन रात्री मोबाईलवर वाचत बसलो, आई ओरडतीये.

तो जुना खंदक असणार. तिकडं वर थोडी माती आणि खाली खडूसारखा पांढरा दगड. दोन-अडीच हजार वर्षांमागं कुणीतरी वस्तीभोवती तो दगड फोडून चर खणला, पुढं चर मातीनं बुजला, वरनं नांगर फिरला, पण बार्लीची मुळं तेवढ्या जागी खोल उतरतात, ओल सापडते, मग पावसानं ताण दिला की बाकी रान पिवळं आणि तेवढं कडं हिरवंगार. पुरलेली भिंत असली की उलटं, वरचं पीक खुरटतं.

तू राहतेस त्या साउदॅम्प्टनलाच तिथल्या सरकारी नकाशा खात्यात क्रॉफर्ड म्हणून एक जण होता, पहिल्या महायुद्धात विमानातून टेहळणी केलेला. 1924 मध्ये त्यानं विमानातून असल्या जागांचे भरपूर फोटो काढले. सॉल्सबरीजवळची लिटल वुडबरी ही जुनी वस्ती पण अशीच वरनं दिसलेली. तिथं 1938-39 ला गेरहार्ड बेर्सू नावाच्या जर्मन माणसानं खोदकाम केलं. घराणं मूळचं ज्यू म्हणून नाझींनी त्याला पदावरनं काढलेलं, आणि युद्ध पेटल्यावर इंग्रजांनी शत्रूदेशाचा म्हणून त्यालाच आयल ऑफ मॅन बेटावर छावणीत टाकलं! तिथंही गडी खोदकाम करत राहिला.

पण खरी गंमत पुढंच आहे. त्या वस्त्यांत जमिनीत खोल खड्डे सापडायचे, त्यात हाडं, फुटकी मडकी. मोठमोठे विद्वान म्हणायचे, लोक खड्ड्यात राहत होते. बेर्सूनं दाखवलं की राहायला 45-50 फुटी गोल लाकडी घर होतं आणि खड्डे धान्याचे. अगं, पेव! आपल्या सांगलीजवळच्या हरिपूरला हळद अशाच पेवात साठवायचे, तिथल्या कुठल्याही हमालाला विचारलं असतं तर त्यानं बसल्या जागी सांगितलं असतं.

तुझे आजोबा पेव उघडलं की आधी दोरीला कंदील बांधून आत सोडायचे. मी काठावर पालथा पडून बघायचो. कंदील विझला की आत प्राणवायू नाही समजायचं, कुणी उतरायचं नाही, तोंड उघडं ठेवून थांबायचं. तिकडच्या पेवातही तेच, तोंड बंद केलं की कडेचं धान्य मोड धरून आतल्या हवेतला प्राणवायू खातं, मग कीड जगत नाही आणि मधलं धान्य टिकतं. वस्तीवरचं आपलं पेव बुजवलं त्यावर दुष्काळात शाळू तेवढाच गोल हिरवा राहिलेला मला आठवतोय, तेव्हा आम्ही म्हणायचो भूत पाणी घालतंय.

कापणीच्या आधी अजून एक फोटो काढ, कड्याच्या आत बारके काळपट ठिपके दिसतात का बघ, ती पेवं असतील. पण वरनंच बघ, त्या शेतकऱ्याला विचारल्याशिवाय उभ्या पिकात शिरू नकोस.

आईनं हळद पाठवलीये. पेवातली नाही, गिरणीतली आहे.

आण्णा