तुझा प्रोजेक्ट उघडला, त्याबद्दल

प्रिय मित्रा,

ख्यालीखुशाली पुढच्या पत्रात, आधी गाण्याचं बोलू. तू म्युझिक सॉफ्टवेअरमध्ये जुळवलेल्या गाण्याचा प्रोजेक्ट पाठवलास, तो हेडफोन लावून नीट ऐकला. हे फोनवरही सांगता आलं असतं, पण तिथे तू वाक्यावाक्याला हुज्जत घालतोस, म्हणून लिहितोय.

चाल झकास आहे. अंतऱ्यात पियानो खालून वर चढत येतो ती जागा तर खासच. पण टाइमलाइन बघून मी कपाळाला हात लावला. मुखड्याच्या पहिल्या आठ बारमध्ये (बार म्हणजे मात्रांचा एक गट) क्लिप्सचा, म्हणजे तुकड्यांचा, नुसता चुरा, एकेक शब्द सुटा कापलेला, पियानोचा प्रत्येक स्वर ग्रिडला, म्हणजे तालाच्या रेषांना, चिकटवलेला. आणि दुसऱ्या अंतऱ्याच्या पुढे सगळं रिकामं. गाणं किती मोठं, मुखडा किती वेळा यायचा, शेवट कसा, यातलं काहीच ठरलेलं नसताना तू मिलिसेकंदांशी झटापट करत बसलायस. लेका, त्यातला बराच भाग उद्या गाण्यात राहीलच असं नाही.

तेव्हा आता काही दिवस बारीक काम बंद. सबंध गाणं एका स्क्रीनवर दिसेल इतका झूम मागे घे आणि जे आहे त्या ओबडधोबड क्लिप्सच मांड. मुखडा, अंतरा, मधला तुकडा, सगळीकडे मार्कर, म्हणजे नावाच्या खुणा, लाव. मुखडा डुप्लिकेट करताना जमलं तर जोडलेली कॉपी कर, म्हणजे एका मिडी क्लिपमध्ये (मिडी काय ते पुढे सांगतो) स्वर बदलला की बाकीच्यांतही बदलतो. प्रत्येक सॉफ्टवेअरमध्ये तिला वेगळं नाव असतं, पण बहुतेकांत सोय असते. रचना पक्की झाली की शेवटच्या मुखड्याची जोड तोड, कारण तो पहिल्यासारखाच वाजला तर ऐकणारा कंटाळेल. आणि मधले चार बार उडवायचे झाले तर क्लिप्स एकेक करून सरकवू नकोस, सगळ्या ट्रॅकमधून तेवढा वेळच कापायची कमांड वापर. नाहीतर क्लिप्स पुढे येतात आणि व्हॉल्यूमचं ऑटोमेशन, म्हणजे आवाज आपोआप कमी-जास्त करणारी रेघ, जुन्या जागी राहतं. तुझ्याकडे गिटारच्या बाबतीत हेच झालंय. ती रिकाम्या जागेत मोठी होते आणि वाजायला लागली की दबते.

कापायला घाबरायचं मात्र कारण नाही. क्लिप म्हणजे रेकॉर्डिंग नव्हे. डिस्कवर अख्खी फाइल तशीच असते, क्लिप फक्त तिचा कुठून कुठवरचा भाग वाजवायचा एवढं सांगते. कडा परत बाहेर ओढ, कापलेलं सगळं हजर. फक्त ‘न वापरलेल्या फाइल्स काढून टाका’ अशी जी कमांड असते, तिच्या वाटेला गाणं पूर्ण होईपर्यंत जाऊ नकोस.

आता मुख्य मुद्दा. तू ऑडिओ आणि मिडी एकाच हाताने कापतोयस. ऑडिओ म्हणजे वाजून गेलेला आवाज. मिडी म्हणजे नुसत्या सूचना: अमुक स्वर दाब, इतक्या जोरात, आता सोड. १९८३ साली हे ठरलं तेव्हा जोर मोजायला ० ते १२७ एवढे आकडे दिले, आणि आजही बहुतेक काम त्यावरच चालतं. मिडी नुसत्या सूचना असल्यामुळेच टेम्पो मिनिटाला ९२ ठोक्यांवरून ९६ केलास तेव्हा पियानो निमूटपणे मागोमाग आला आणि गळ्याचं रेकॉर्डिंग मात्र ताणून बसवावं लागलं. एवढ्याशा फरकाने फारसं बिघडत नाही, पण जास्त ताणलंस की ‘ट’, ‘क’ यांसारखे आघात आधी पसरट होतात. टेम्पो ठरव आणि मग पुन्हा गा. तुझा गळा त्या अल्गोरिदमपेक्षा बरा आहे, हे कौतुक समज.

गाण्यात तिसऱ्या ओळीला ‘टक्’ असा आवाज येतो, तो माइकचा नाही. तिथे झूम कर, अगदी सॅम्पल, म्हणजे आवाजाचे सुटे बिंदू, दिसेपर्यंत. लाट वर असताना क्लिप संपते आणि पुढची खाली असताना सुरू होते; ती उडी स्पीकरला एका क्षणात मारावी लागते, तोच आवाज. शून्यरेषेवर काप, किंवा सरळ पाच-दहा मिलिसेकंदांचा क्रॉसफेड दे, म्हणजे एक क्लिप विरताना दुसरी हळूच वर येईल. टेपच्या जमान्यात ब्लेडने ४५ अंशांत तिरका छेद द्यायचे, तो यासाठीही. पाव इंची टेप सेकंदाला १५ इंच पळत असेल तर त्या तिरकेपणातून साधारण १७ मिलिसेकंदांचा क्रॉसफेड आपोआप मिळायचा. दोन वेगळे टेक, म्हणजे वेगवेगळ्या वेळी केलेली रेकॉर्डिंग्ज, जोडताना क्रॉसफेडला ‘इक्वल पॉवर’ वक्र घे, नाहीतर मध्ये आवाज बसतो. एकाच टेकचे दोन सारखे तुकडे जोडत असशील तर साधी सरळ रेषा, कारण तिथे इक्वल पॉवरने ३ डेसिबलपर्यंत फुगवटा येतो.

आणि श्वास सगळे का उडवलेस? दुसऱ्या अंतऱ्याची पहिली ओळ श्वासाशिवाय अशी येते की गाणारा माणूसच वाटत नाही. श्वास परत आण, फार मोठा वाटला तर त्या तुकड्याचा गेन, म्हणजे आवाजाची पातळी, खाली घे. टेक जोडायचे तर छेद व्यंजनाच्या आधी दे, किंवा ‘स’, ‘श’च्या फुसफुशीत लपव. लांबवलेल्या आकारात जोड द्यायला गेलास की कितीही क्रॉसफेड कर, कानाला खटकतंच.

गिटारला दोन माइक लावलेस ते छान, पण त्यातला एकच ट्रॅक पुढे का सरकवलास? आवाज एका मिलिसेकंदात हवेतून सुमारे ३४ सेंटिमीटर जातो, म्हणजे दोन ट्रॅकमध्ये एका मिलिसेकंदाचा फरक पडला तरी एक माइक हातभर लांब नेल्यासारखं होतं. गिटार पातळ वाटते ती त्यामुळेच. दोन्ही ट्रॅक ग्रुप कर, मग कापणं-सरकवणं एकत्रच होईल.

पियानोकडे येतो. तू म्हणतोस दुसऱ्या मुखड्यात तो गढूळ होतो, पियानोचा आवाज काढणारं प्लगिन खराब आहे. प्लगिन ठीक आहे. पियानो रोलच्या, म्हणजे मिडीचे स्वर दिसतात त्या खिडकीच्या, खाली कंट्रोलर ६४ ची पट्टी उघड. तो सस्टेन पेडल, स्वर लांबवणारं. ६४ आणि वरचा आकडा म्हणजे दाबलेलं, त्याखाली सोडलेलं. तुझ्या क्लिपमध्ये शेवटच्या बारला १२७ दिसेल, आणि त्यानंतरचं ० तू कापून टाकलेल्या भागात गेलंय. सूचना आली ‘दाब’, ‘सोड’ कधी आलीच नाही. मग पुढचे सगळे स्वर एकमेकांत मिसळत राहतात. क्लिपच्या शेवटी एक ० टाक, झालं. यापुढे मिडी कापताना नुसत्या स्वरांकडे बघू नकोस, खालच्या पट्ट्याही बघ.

क्वांटाइझबद्दल, म्हणजे स्वर आपोआप जवळच्या रेषेवर ओढण्याबद्दल, आपलं कधीच पटणार नाही, तरी लिहितो. ९६ च्या टेम्पोत सोळावा भाग, म्हणजे ठोक्याचा चौथा हिस्सा, साधारण १५६ मिलिसेकंदांचा. म्हणजे एखादा स्वर ७८ हून जास्त उशिरा पडला असेल तर शंभर टक्के क्वांटाइझ त्याला पुढच्या रेषेवर नेऊन बसवतं, आणि मग तू ‘मी असं वाजवलंच नव्हतं’ म्हणत बसतोस. शिवाय डाव्या हाताचे कॉर्ड तू किंचित उलगडून वाजवतोस, तीच तर तुझी खुबी. ती सपाट झाली. अंडू करून मूळ वाजवणं परत आण, क्वांटाइझची स्ट्रेंग्थ, म्हणजे ओढण्याचं प्रमाण, पन्नास टक्क्यांच्या आसपास ठेव आणि जे स्वर खरंच लय मोडतात तेवढेच हाताने हलव. व्हेलॉसिटीही, म्हणजे स्वर दाबण्याचा जोर, सगळीकडे १०० केलीयस. चांगल्या पियानोत ती फक्त आवाज कमी-जास्त करत नाही, स्वराचा पोतही बदलते. अंतऱ्यात चढत जाताना ६० पासून सुरू कर, मग बघ काय फरक पडतो.

तुझ्या फाइलला मी हात लावलेला नाही, कॉपीत फक्त मार्कर टाकलेत. पुढच्या वेळी गाण्याचे सगळे टेक पाठव, तू निवडून जोडलेला एकटा नको. आणि शेवटच्या मुखड्यानंतर ड्रम आधी काढायचे की पियानो, ते तूच ठरव. मी ड्रम म्हणेन, आणि तू अर्थातच पियानो म्हणशील.

तुझाच